पायरी : पंढरीच्या वाटेवरचा एक जुना प्रश्न

संतसाहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना दर वर्षी एक प्रश्न हमखास पुढे येतो. तीर्थात दगड आणि पाणी यांखेरीज काय असते, देव शोधायचा तर तो सज्जनांत शोधावा, असे तुकोबा बजावतात. तेच तुकोबा आपल्या घरी पंढरीची वारी चालत आल्याचे अभिमानाने सांगतात. या दोन तुकोबांची सांगड कशी घालायची? परीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न सोपा आहे. कर्मकांडरूप तीर्थाटनाचा निषेध आणि भक्तिरूप वारीचा पुरस्कार, असे ठरलेले उत्तर आम्ही फळ्यावर लिहितो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो.

काही वर्षांपूर्वी मात्र तास संपला नाही. आमच्यापैकी एकाने हे उत्तर लिहून खडू खाली ठेवला, तेव्हा पुढच्या बाकावरची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, माझी आजी एकवीस वर्षं वारीला जाते. तिला हे उत्तर सांगितलं तर ती हसेल." वर्गही हसला. मग मागच्या बाकावरून एक शांत आवाज आला, "माझे आजोबा पंढरपूरला कधीच गेले नाहीत. सहा डिसेंबरला दादरला मात्र न चुकता जायचे. ते का जायचे, हे या उत्तरात कुठे बसतं?"

त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहा निवला तरी चर्चा थांबली नाही. माणसे तीर्थाला का जातात, या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर संतांच्या वचनांत शोधत होतो. जाणाऱ्यांच्या पायांत ते शोधले नव्हते. आणि ज्यांना जाऊ दिले नाही, त्यांना तर आम्ही त्या प्रश्नात धरलेच नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या तासाची उशिरा भरलेली बाकी आहे.

आरंभ शब्दांपासून करू. 'तीर्थ' हा शब्द तरून जाण्याच्या धातूपासून आला. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, जिथे पाण्यात पाय टाकून पलीकडे जाता येते ती जागा. म्हणजे तीर्थ हे पोहोचण्याचे ठिकाण नसून ओलांडण्याचे ठिकाण होते. मराठीने या संस्कृत शब्दाच्या शेजारी आपले तीन शब्द ठेवले : यात्रा, जत्रा आणि वारी. काशीची यात्रा आयुष्यात एकदा घडली तरी पुरते. जत्रा गावच्या देवाची. तिथे नवस फेडतात, खेळणी घेतात, सोयरिकीही जुळवतात. वारी मात्र एकदा करून संपत नाही. पुन्हा पुन्हा येणे हाच तिचा अर्थ. आषाढी आणि कार्तिकी या दोन मोठ्या, त्यांच्या जोडीला चैत्री आणि माघी. वारकऱ्याला 'पंढरपूर पाहिले का' असे कोणी विचारत नाही. 'वारी चुकली का' असे विचारतात. पाहण्याची गोष्ट एकदा पाहून होते. चुकण्याची भीती असते ती नात्याला. माहेरी जाणे चुकते, भाऊबीज चुकते, तशी वारी चुकते. म्हणूनच वारकरी 'दर्शन' या शब्दाइतकाच 'भेट' हा शब्द वापरतो.

या नात्याची कथा परंपरेने पुंडलिकाच्या रूपाने सांगितली आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या भक्ताकडे देव स्वतः येतो. भक्त त्याच्याकडे वीट सरकवतो आणि थांबायला सांगतो. कथेचा इतिहास म्हणून विचार करण्याचे कारण नाही. पण तिचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. या क्षेत्राचा पहिला यात्रेकरू देवच आहे, आणि तो अजून परतलेला नाही. इतर क्षेत्रांत भक्त देवाची वाट पाहतो, इथे देव कमरेवर हात ठेवून भक्ताची वाट पाहतो. जो आपली वाट पाहत आहे त्याच्याकडे जायला कारण लागत नाही. न जाण्याला मात्र लागते.

आता कथेकडून कोरीव पुराव्याकडे वळू. होयसळ राजा सोमेश्वर याच्या १२३७ सालच्या लेखात भीमरथीच्या तीरावरचे 'पंडरगे' आणि तेथील विठ्ठल यांचा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरांच्या जन्माआधीच हे ठिकाण कर्नाटकातील राजसत्तेला दान देण्याजोगे वाटत होते. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात रा. चिं. ढेरे यांनी या दैवताचे धागे गोपालकांच्या, धनगर-गवळ्यांच्या जगापर्यंत नेले. त्याआधी दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात वेगळ्या बाजूने तीच दिशा दाखवली होती. पालखीच्या वाटेवर त्यांना अश्मयुगीन बारीक हत्यारे सापडली. त्यावरून त्यांनी असे अनुमान मांडले की, ही वाट वारकऱ्यांनी पाडलेली नसावी. ऋतूप्रमाणे गुरे हाकत जाणाऱ्या माणसांची ती फार जुनी पायवाट असावी. अनुमान वादाचे आहे. तरी त्याने एक गोष्ट मनावर ठसते. आधी देऊळ आणि मग वाट, हा क्रम आपण गृहीत धरतो. कदाचित आधी वाट होती, आणि चालणाऱ्यांनी वाटेच्या टोकाला देव उभा केला.

यादवकाळातील आणखी एक शिळा पंढरपुरात आहे आणि ती आम्हां भाषेच्या शिक्षकांच्या विशेष जिव्हाळ्याची. ती 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' या नावाने ओळखली जाते. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ सालच्या संग्रहात ती आपल्याला भेटते. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळासाठी कोणी काय दिले, याची ती नोंद आहे. देणगीदारांत यादव राजा रामदेवराव आणि हेमाद्री यांच्यासारखी मोठी नावे आहेत. थोडक्यात, ही एक दगडी पावती आहे. पण यात्रेकरूंनी तिचे काय केले? त्यांनी तिला पाठ घासली. या शिळेला पाठ लावली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली. अक्षरे झिजली. अभ्यासकाला याचे वाईट वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. पण क्षणभर दुसऱ्या बाजूने पाहावे. ज्यांना वाचता येत नव्हते, ज्यांची नावे कोणत्याही दगडावर येणार नव्हती, त्यांनी श्रीमंतांच्या नावांची ती यादी आपल्या पाठीने वाचली आणि तिचा अर्थच बदलून टाकला. दात्यांची पावती सर्वांच्या सुटकेचा दगड झाली. तीर्थक्षेत्राचा इतिहास लिहिणाऱ्याने कोरणाऱ्याचा हेतू तपासावाच; घासणाऱ्याचा हेतूही तपासावा.

देवळाच्या महाद्वाराशी आलो की 'पायरी' हा शब्द वाट अडवतो. नामदेवांनी या पायरीशी समाधी घेतली, असे परंपरा मानते. काळ १३५० चा सांगितला जातो. पंजाबातील घुमान येथेही त्यांच्या अखेरच्या दिवसांची स्मृती जपली आहे. त्या वादात येथे शिरत नाही. पायरीमागची भावना मात्र स्पष्ट आहे. देवाला भेटायला येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्या माथ्यावर पडावी. हीच इच्छा पुढे आळंदीत पुन्हा दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालखी सोहळ्याला आजचे रूप देणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांची पायरी तिथल्या महाद्वारात आहे. देवाच्या डोक्याजवळ जागा मागणारे राजे सगळीकडे असतात. भक्तांच्या पायांखाली जागा मागणारे या वाटेवर झाले.

परंतु मराठीत 'पायरी' या शब्दाला दुसराही अर्थ आहे. 'आपली पायरी ओळखून वागावे' असे आपण म्हणतो, तेव्हा तो शब्द नम्रतेचा राहत नाही. तो दटावणीचा होतो. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना ते कोसळून चोखोबा आणि त्यांचे सोबती गाडले गेले, नामदेवांनी ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या ओळखून इथे आणल्या, अशी कथा आहे. साल १३३८ चे सांगितले जाते. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही, ज्यांनी चंद्रभागेपलीकडे राहून दीपमाळ उभारल्याचे सांगतात, त्या चोखोबांना मृत्यूनंतर दाराशी जागा मिळाली. नामदेव पायरीखाली गेले ते निवडीने. चोखोबा पायरीबाहेर राहिले ते सक्तीने. दोघांच्या समाध्या एकमेकींपासून काही पावलांवर आहेत आणि वारकरी दोन्हींपुढे डोके टेकवतो. आम्ही वर्गात बराच काळ या दोन्हींना 'समतेचे प्रतीक' या एकाच शीर्षकाखाली शिकवत आलो. त्या दोन पायऱ्यांतील फरक पुसून टाकणारी समता कोणाच्या सोयीची होती, हे विचारायला मागच्या बाकावरचा विद्यार्थी यावा लागला.

आता चालण्याकडे येऊ. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून नेण्याची प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. ते आळंदीस आले आणि माउलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा त्यांनी बांधला. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आणि तंबू आले. दिंड्यांचे क्रमांक, चोपदार, मुक्कामाच्या जागा, कूच करण्याची खूण ही सगळी घडण लष्करी छावणीची आहे. मराठेशाहीचा अस्त झाला आणि त्याच सुमारास तिची शिस्त एका शस्त्रहीन फौजेच्या उपयोगी पडली, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्यासारखा आहे. आळंदीहून निघालेली ही फौज दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर साधारण तीन आठवड्यांत चालते. पेरणी उरकून निघायचे, असा शेतकऱ्याचा हिशेब असतो. पाऊस लांबला तरी तो निघतो. शेत सोडून निघणाऱ्याच्या मनात काय असते, हे पंचांगातून कळत नाही.

वसाहतकालीन प्रशासनाला ही यात्रा दिसली ती प्रामुख्याने पटकीच्या संदर्भात. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भारतातील यात्रांकडे साथीच्या प्रसाराचे मोठे कारण म्हणून बोट दाखवले गेले. ती भीती खोटी नव्हती. नदीकाठच्या गर्दीत माणसे खरोखरच मरत होती. पण अहवालात यात्रेकरू हा रोगाचा वाहक तेवढाच उरला; तो का येतो हा प्रश्न त्या कागदांच्या कक्षेबाहेर होता. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपुरापर्यंत आली. वारीचा हेतू केवळ विठ्ठलाचे मुख पाहणे हा असता, तर त्या गाडीने वारी संपवली असती. गाडीने गर्दी वाढवली. चालणारे चालतच राहिले. आज एसटी आहे, खाजगी मोटारी आहेत, रुंद रस्ते आहेत, तरी दिंड्यांची संख्या घटलेली नाही. इतके चालून पोहोचलेले कित्येक वारकरी दर्शनाच्या रांगेत उभेही राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, कळसाकडे पाहून हात जोडतात, पौर्णिमेचा गोपाळकाला घेतात आणि घरी परततात. ज्यासाठी इतके चालले ते गाभाऱ्यात असते, तर त्यांनी असे परतणे म्हणजे वेडेपणा ठरला असता. त्यांना जे हवे ते वाटेवरच मिळालेले असते.

काय मिळते? वाटेवर वारकरी परस्परांना 'माउली' म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. वयाने लहानाने मोठ्याच्या पाया पडणे ही जगाची रीत; इथे मोठाही लहानाच्या पायांशी वाकतो. ज्याच्या पाया पडलो तोही लगेच आपल्या पाया पडतो, त्यामुळे ऋण कोणाच्याच अंगावर राहत नाही. नामदेवांनी पायरीवर मागितलेली गोष्ट वारीत रोज, सर्वांना, फुकट मिळते. शिवाय तीन आठवडे माणसाला त्याचे घरचे नाव नसते. सुनेला कोणी सून म्हणत नाही. धन्याला कोणी धनी म्हणत नाही. डोक्यावर तुळस घेतलेली बाई घरी कोणाची कोण आहे, हे विचारण्याची वाटेवर पद्धत नाही. ज्या आजीचा उल्लेख वर्गात झाला तिला नातीने नंतर विचारले, "तू का जातेस गं?" आजी म्हणाली, "तिथं मला कुणी हाक मारत नाही." वारीवरील कोणत्याही ग्रंथात आम्हांला याहून नेमके उत्तर सापडलेले नाही.

क्षेत्राला येण्याची कारणे नेहमीच इतकी निर्मळ नसत. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय बालविधवांना पुनर्विवाहाची वाट बंद होती. त्यांच्यापैकी काही जणी दिवस गेल्यावर यात्रेच्या निमित्ताने पंढरपुरास आणल्या जात आणि मूल तिथेच टाकून परत नेल्या जात. या अर्भकांसाठी प्रार्थना समाजाने १८७५ साली पंढरपुरात अनाथ बालकाश्रम काढला. मूर्तिपूजा न मानणाऱ्या मंडळींनी मूर्तीच्या गावी येऊन हे काम केले, हेही तीर्थयात्रेच्या इतिहासाचे एक पान आहे. वारीला गेलेल्यांना कोणी हाक मारत नाही, याचा त्या मुलींच्या बाबतीतला अर्थ आजीच्या अर्थाहून किती वेगळा होता! गर्दी मोकळे करते तशी लपवतेही. तीर्थाने दोन्ही सोसले आहे.

वाटेवरील समतेची परीक्षा प्रथम कोणी घेतली असेल तर ती इरावती कर्वे यांनी. 'परिपूर्ती' या संग्रहातील त्यांचा 'वाटचाल' हा लेख आपल्यापैकी अनेकांनी शिकवला आहे. १९६२ साली त्याचा इंग्रजी अनुवाद 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला आणि तो जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. ज्या भूमीतले लोक पंढरपूरला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या लेखिकेला या वाटेवर सुचते. ती वारंवार उद्धृत होते. मात्र त्याच लेखातील दुसरी नोंद तितकी होत नाही. दिवसभर एकत्र चालणाऱ्या, एकत्र अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका मुक्कामाला पोहोचल्या की वेगळ्या चुली मांडतात. लेखिकेला हे डाचते. ती दुसऱ्या पंगतीलाही जाऊन जेवते, आणि त्यानंतर तिथल्या बायका तिच्याशी मनमोकळेपणे वागू लागतात. यात्रेत समाजाच्या उतरंडी विरघळून माणसे समान पातळीवर येतात, असे प्रतिपादन करून व्हिक्टर टर्नर यांनी त्या अवस्थेला 'कम्युनिटास' असे नाव दिले. त्यांनीही १९७० च्या दशकातील आपल्या लेखनात कर्वे यांच्या या अनुभवाची दखल घेतली. यात्रा उतरंड सैल करते, ती मोडतेच असे नाही. टाळ एकत्र वाजतो. चूल वेगळी राहते. ही चूल वारीच्या नावाने वारीबाहेरच्या जगाने पेटवलेली असते, असे आम्ही पूर्वी म्हणत असू. आज आम्हांला ते उत्तर पळवाटेसारखे वाटते.

कारण दार वारीबाहेर नव्हते. १९४७ च्या मे महिन्यापर्यंत विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या जातींना बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि अखेर पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. चोखोबांच्या निधनाला तोवर सहा शतके उलटून गेली होती. सहाशे वर्षे दर आषाढीला त्यांच्या अभंगांचे कीर्तन होत होते, त्यांच्या समाधीवर फुले वाहिली जात होती, आणि त्यांच्या वंशाचा माणूस त्याच समाधीपाशी थांबत होता. गौरव आणि बंदी एकाच दारात इतका काळ शेजारी शेजारी नांदू शकतात, ही गोष्ट आम्हां साहित्याच्या शिक्षकांना विशेष लागली पाहिजे. अभंग वाचल्याने दार उघडत नाही. अभंग वाचणाऱ्यांनीच ते बंद ठेवले होते.

डॉ. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. रमाबाईंना पंढरपूरच्या दर्शनाची ओढ होती. जे पंढरपूर आपल्या भक्तांना देवापासून दूर ठेवते त्याचे काय एवढे, आपण आपल्या सेवेने आणि त्यागाने दुसरे पंढरपूर निर्माण करू, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी त्यांना दिले. रमाबाई १९३५ साली गेल्या. त्यांची ती ओढ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. आम्हांला ते जमत नाही. ज्या दाराशी आपल्याला थांबवतील हे ठाऊक आहे त्या दाराची ओढ वाटणे, यातली वेदना कोणत्याही तत्त्वज्ञानाने हलकी होत नाही. बाबासाहेबांनीही चोखोबांना विसरले नाही. 'द अनटचेबल्स' हा १९४८ सालचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला. पायरीबाहेर राहिलेल्या माणसाला मिळालेले हे दुसरे स्मारक होय; आणि ते पुस्तकाचे आहे.

दरम्यान आणखी एक माणूस पंढरपुरात येत राहिला. गाडगेबाबा यात्रेच्या दिवसांत हातात खराटा घेऊन वाळवंट झाडीत, रात्री कीर्तन करीत. ते देवळात दर्शनाला जात नसत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. जे दार उघडत नाही त्याच्याशी भांडण्याचा एक मार्ग साने गुरुजींचा. ज्यांना दार बंद आहे त्यांना रात्री डोके टेकायला छप्पर देण्याचा दुसरा मार्ग गाडगेबाबांचा. तिसरा मार्ग बाबासाहेबांचा : त्या दाराकडे पाठ फिरवून वेगळी वाट धरणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती वाट धरली गेली आणि त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरनंतर दादरच्या चौपाटीवर दुसरे पंढरपूर उभे राहिले.

मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याचे आजोबा तिथे जात. त्याने आम्हांला सांगितले की ते येताना पुस्तके आणीत. स्वतः त्यांना जेमतेम सही करता येत असे. चैत्यभूमीच्या परिसरात त्या दिवसांत पुस्तकांची दुकाने दूरवर लागतात, आणि गाडीभाडे वाचवून आणलेल्या पैशांतून माणसे पुस्तके घेतात. पंढरपुराहून बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद घरी येतो. दादरहून ग्रंथ येतो. न वाचता येणाऱ्या वारकऱ्याने शिलालेखाला पाठ लावली होती. न वाचता येणाऱ्या या आजोबांनी नातवाला वाचता यावे म्हणून पुस्तक उराशी धरून आणले. दोघांनाही अक्षरांकडून सुटकाच हवी होती. त्या सुटकेचे अर्थ वेगळे होते, आणि ते एकच आहेत असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. नवबौद्धांची चैत्यभूमी म्हणजे वारीचाच एक प्रकार, असे विधान एखाद्या परिसंवादात टाळ्या मिळवील. पण ज्याने दार नाकारले जाण्याचा अनुभव घेऊन ती वाट सोडली, त्याला पुन्हा त्याच वाटेवर आणून उभे करण्यासारखे ते होईल.

मंदिराच्या आतही पुढे पुष्कळ बदलले. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ साली आला. बडवे आणि उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद न्यायालयात चार दशके चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो संपवला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले. चोखोबांच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतचे अंतर चालायला एक-दोन मिनिटे पुरतात. महाराष्ट्राला ते चालायला सहाशेहून अधिक वर्षे लागली. आळंदी ते पंढरपूर या अडीचशे किलोमीटरांचे आपण कौतुक करतो. त्या काही पावलांचा हिशेबही आपण मुलांना द्यायला हवा.

२०२० सालच्या आषाढीला साथीमुळे वारी निघाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरपुरास नेण्यात आल्या. १ जुलै रोजी एकादशी झाली, पूजा झाली, परंपरेत खंड पडला नाही असे म्हटले गेले. त्या वर्षी आम्ही घरून, संगणकाच्या पडद्यावर शिकवत होतो. आजीची नात तोवर एका शाळेत शिक्षिका झाली होती. तिने दूरध्वनीवर सांगितले की आजी त्या दिवशी पहाटे उठून अंगणात चकरा मारीत होती. तिला कोणी म्हणाले, "आजी, देव पोचला की गाडीतनं." तर ती म्हणाली, "देव तिथंच असतो. आम्ही नाही पोचलो." एकशे चौदा वर्षांच्या आगगाडीने जे सिद्ध केले नव्हते ते त्या एका एसटीने केले. पादुका पोहोचल्या, आणि वारी झाली नाही.

आता तो प्रश्न आम्ही वेगळ्या रीतीने विचारतो. तुकोबांच्या दोन वचनांची सांगड घाला, असे न म्हणता विद्यार्थ्यांना सांगतो : तुमच्या घरातले कोण कुठे जाते, ते विचारून या, आणि कोण कुठे जात नाही, किंवा कोणाला कुठे जाऊ दिले नव्हते, तेही विचारून या. वह्या परत येतात तेव्हा त्यांत जेजुरी असते, हाजी मलंग असतो, माउंट मेरी असते, शेगाव असते, दीक्षाभूमी असते. कोणी लिहितो, आमच्या घरातले कुणीच कुठे जात नाही. वडील म्हणतात, कामाला सुट्टी नसते. आम्ही त्या वाचतो आणि गुण द्यायला बसतो. ठरलेले उत्तर आमच्याजवळ नाही, त्यामुळे तपासायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो.